होडीतली न हलणारी माणसं

धारूरच्या किल्ल्यापलीकडे, बालाघाटाच्या उतारावर आप्पारावांची मेंढरं चरतात. त्यांचा धाकटा मुलगा सोमनाथ त्याच माळावर वाढला. समोरच्या टेकडीवरचं जनावर आपलं की दुसऱ्याच्या कळपातलं, हे तो बसल्या जागेवरून सांगायचा. पुढं त्यानं बीडला आयटीआय केलं, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागला, आणि तिथं त्याला बीडजवळच्या पालीचा प्रविण भेटला.

प्रविण त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा. जहाजावर ऑईलर होता, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा, त्याची निगा राखणारा माणूस. सुट्टीवर आला की घरची मोटार दुकानात घेऊन यायचा आणि ती दुरुस्त होईपर्यंत समुद्राच्या गोष्टी सांगत बसायचा.

"तुला चक्कीचं इंजन कळतंय ना? जहाजाचं बी तसंच हाय. निस्तं तीन मजली."

त्याच्याच नादानं सोमनाथनं खलाशाचं प्रशिक्षण घेतलं. आई साखराबाईनं आठ दिवस अबोला धरला, बायको अंजूनं मात्र बॅग भरून दिली. दोन खेपा वेगवेगळ्या जहाजांवर झाल्या आणि तिसऱ्या खेपेला दोघांना एकच जहाज मिळालं, दोघंही इंजिनावर. काळ्या समुद्रातल्या एका बंदरात खत भरून ते भारताकडे निघालं.

सुएझ कालवा मागं पडला त्या दिवशी कॅप्टननं सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. बावीस माणसं होती. पुढचे चार दिवस तांबड्या समुद्राचे, तो म्हणाला. इथं वर्षभर मालवाहू जहाजांवर हल्ले चाललेत. कधी वरून ड्रोन येतं, कधी किनाऱ्यावरून क्षेपणास्त्र, कधी स्फोटकं भरलेली बिनमाणसाची होडी. आपल्याकडं बंदूक नाही. आपल्याकडं डोळे आहेत, भोंगा आहे आणि लपायची एक खोली आहे. भोंगा वाजला की हातातलं टाकून त्या खोलीत यायचं.

चीफ इंजिनीयर केरळचे होते, निवृत्तीला आलेले. बैठक मोडल्यावर ते पोरांजवळ बसले आणि आपल्या आजोबांचं सांगू लागले. दुसऱ्या महायुद्धात आजोबा अशाच मालवाहू जहाजावर भट्टीत कोळसा टाकायचे. त्यांच्या ताफ्यातली तीन जहाजं जर्मन पाणबुडीनं एका आठवड्यात बुडवली. पाणबुडी कुणाला दिसली नाही. शेजारचं जहाज चाललेलं असायचं आणि मग नसायचं. लढाई संपली, आजोबा घरी आले, पण पुढं कित्येक वर्षं घरातसुद्धा ते गळ्यात लाइफ जॅकेट अडकवून झोपायचे.

ऐकताना कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून सोमनाथनं जॅकेट अंगावरून काढलं नाही.

अंजूचा फोन आला तेव्हा तो खोटं बोलला.

"कुठं हाय तुमचं जहाज?"

"हाय अजून सुएझकडंच. थांबलंय."

"टीव्हीवर कायबाय दाखवायलेत. माय लई घाबरलीय."

"ते दुसरीकडचं हाय. आमच्या वाटंला न्हाई."

फोन ठेवून तो परत पंपावर गेला.

खरी भीती इंजिनरूममध्ये होती. जहाजाचं इंजिन पाण्याच्या पातळीखाली असतं. पंपाशी उभं राहिलं की खांद्याच्या उंचीवर पलीकडं समुद्र, आणि मध्ये फक्त एक पत्रा. एरवी त्याकडं लक्षही जात नसे. आता पाना पडला तरी सोमनाथ वर दाराकडं बघायचा. तळापासून वरच्या दारापर्यंत लोखंडी जिन्याच्या अडुसष्ट पायऱ्या होत्या. त्यानं दोनदा घड्याळ लावून त्या चढून पाहिल्या. पळत चढलं तर दीड मिनिट.

"मोजून काय हुतंय बे?" प्रविण म्हणाला. पण तोही आदल्या रात्रीपासून भाताला शिवला नव्हता, हे सोमनाथनं पाहिलं होतं.

टेहळणीला माणसं कमी पडत होती, म्हणून इंजिनवाल्यांनाही पाळीपाळीनं वर, ब्रिजच्या बाहेरच्या सज्ज्यावर उभं करू लागले. ब्रिज म्हणजे जिथून जहाज हाकतात ती सगळ्यात उंच जागा. सोमनाथची नजर चांगली म्हणून त्याला जास्त पाळ्या मिळाल्या. उजेडात राहायला मिळतं म्हणून त्याला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली, कारण त्याच्या जागी खाली प्रविण जास्तीचं काम करत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला एक होडी सरळ जहाजाकडं येताना दिसली आणि तो ओरडला. भोंगा वाजला. ब्रिजवरचे सोडून सगळे जिन्यांवरून धावले. होडी जवळ आली तर तीत पाच मच्छीमार, जाळं दाखवून बाजूला व्हा म्हणत होते. तेवढ्यात इकडं आचारी जिन्यावरून घसरला, त्याचे पुढचे दोन दात पडले आणि हनुवटी फाटली. कॅप्टन ओरडला नाही. त्यानं सोमनाथला आचाऱ्यासमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "आधी नीट बघ. मग बोल."

संध्याकाळी जेवताना सोमनाथच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. प्रविण तेवढा ताट घेऊन आला.

"मनावर घेऊ नगंस. दात काय, नवे बशिवता येत्यात."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सोमनाथ सज्ज्यावर होता. ऊन पाण्यावर सांडलेलं, डोळे चुरचुरत होते. मागच्या बाजूला, बऱ्याच लांब, निळ्या रंगाची एक होडी दिसली. दुर्बीण लावली. दोन माणसं बसलेली होती. एकाच्या अंगात पिवळं जॅकेट. जाळं दिसत नव्हतं, पण ते खाली ठेवलेलं असू शकतं. होडी जहाजाच्याच दिशेनं येत होती, पण कालचीही तशीच येत होती.

त्याच्या तोंडाशी शब्द आला आणि आचाऱ्याची टाके घातलेली हनुवटी डोळ्यांपुढं उभी राहिली. आधी नीट बघ, असं तो स्वतःला म्हणाला आणि बघत राहिला. होडी लाटेवर उचलली जायची आणि आपटायची. होडीत बसलेला माणूस आपटीबरोबर पुढं झुकतो, हात काठाला धरतो, तोंडावरचं पाणी पुसतो. ही दोघं तसं काहीच करत नव्हती. होडी डावीकडं कलली तर तीही ताठच्या ताठ डावीकडं कलली. आप्पाराव ज्वारीत जुना सदरा चढवून बुजगावणं उभं करायचे. वाऱ्यानं खांब हलला की ते असंच अख्खं हलायचं.

सोमनाथनं दुर्बीण खाली केली.

"सर," तो आत वळून म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. मग तो मोठ्यानं बोलला. "सर, त्या होडीत माणसं नाहीत. पुतळे आहेत."

सेकंड ऑफिसरनं दुर्बीण घेतली, एकदा पाहिलं आणि भोंग्याचं बटण दाबलं. जहाज वळवायला सुरुवात झाली. खाली इंजिनरूमला फोन गेला. तिथं तिघं होते, सेकंड इंजिनीयर, इलेक्ट्रिशियन आणि प्रविण. होडीनं वेग घेतला होता. सोमनाथला तिच्या इंजिनाचा आवाज ऐकू येऊ लागला. पिवळ्या जॅकेटचा चेहरा आता साध्या डोळ्यांनी दिसत होता. त्याला नाकडोळे नव्हते.

धडक बसल्याचं त्याला आठवत नाही. पायाखालची जमीन वर आली आणि तो पडलेला होता, एवढंच आठवतं. कानात शिट्टी वाजत होती. जळक्या तेलाचा वास येत होता.

तो इंजिनरूमच्या दाराशी पोचला तेव्हा सेकंड इंजिनीयर आणि इलेक्ट्रिशियन तिथं गुडघ्यांवर बसून खोकत होते. काळेठिक्कर पडले होते.

"प्रविण?"

"मागंच होता," सेकंड इंजिनीयर म्हणाला. "तो तळाशी, पंपावर होता. माझ्या मागंच होता."

सोमनाथ दारातून आत शिरला. दिवे गेले होते. तो एक जिना उतरला. खाली काळं पाणी दिसत होतं, त्यावर तेलाचा जाड थर, आणि ते पाणी पायऱ्या गिळत वर येत होतं. त्यानं हाका मारल्या. "प्रविणभाऊ." पाणी घुसण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येईना. आणखी एक जिना उतरायला हवा होता. त्याचे पाय हलले नाहीत. कठड्याला धरलेले हातही सुटेनात. शेवटी चीफ इंजिनीयरनी त्याला जॅकेटच्या गळपट्ट्यानं मागं ओढलं.

मग एकवीस माणसं लपायच्या त्या खोलीत दार लावून बसली. दुसरी होडी येते का, याचा सगळे कानोसा घेत होते. जहाज एका बाजूला कलत चाललं होतं. पाण्याची एक रिकामी बाटली जमिनीवर घरंगळत भिंतीला जाऊन टेकली आणि तिथंच राहिली. सोमनाथ तिच्याकडं बघत अडुसष्ट पायऱ्यांचा हिशेब करत होता. होडी पहिल्यांदा दिसली तेव्हापासून तो बोलला तोपर्यंत दोन मिनिटं गेली होती. पळत चढायला दीड मिनिट लागतं.

दुसऱ्या दिवशी एका लढाऊ जहाजाचं हेलिकॉप्टर आलं आणि त्यांना उचलून घेऊन गेलं. चार दिवसांनी जहाज बुडालं. प्रविण आतच राहिला.

सोमनाथ धारूरला परतला तोवर त्याची बातमी पोचली होती. मेंढपाळाच्या पोरानं वीस जणांना वाचवलं, असं छापून आलं होतं. भागातले पुढारी अमरसिंह स्वतः घरी आले, आप्पारावांच्या खांद्यावर हात ठेवून बसले.

"येत्या रविवारी सत्कार ठेवलाय. पालीचं कुटुंब बी बोलावलंय. प्रविणच्या मंडळीच्या हातूनच तुला शाल देऊ."

आप्पारावांचा ऊर भरून आला. समुद्रात वाटली नव्हती इतकी भीती सोमनाथला त्या शालीची वाटली.

शुक्रवारी तो मोटारसायकल काढून पालीला गेला. प्रविणचं घर धरणाच्या रस्त्याला आहे. अंगणात प्रविणची आई वत्सलाबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं त्याला ओळखलं, जवळ बसवलं.

"तू पायलास का त्याला?"

"न्हाई, मावशी."

"कुणीच न्हाई पायलं?"

"न्हाई."

"मंग कावून म्हणत्यात गेला म्हणून? त्याला पव्हता येत हुतं. ह्या धरणात ह्या काठाहून त्या काठाला जायचा."

सोमनाथनं चार शेंगा उचलल्या आणि फोडू लागला. प्रविणची बायको योगिता पाणी घेऊन आली, आणि तो म्हणाला, "वहिनी, जरा बाहीर येता का? बोलायचं हुतं."

गोठ्याच्या आडोशाला उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. आदल्या दिवशीची होडी, आचाऱ्याचे दात, ती दोन मिनिटं. एक जिना उतरून पाय अडकले तेही सांगितलं. बोलताना तो तिच्याकडं बघत नव्हता, गोठ्यातल्या म्हशीकडं बघत होता.

योगितानं म्हशीपुढं वैरण सरकवली.

"तुमी सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का हे?"

"न्हाई."

"मंग कावून सांगितलं? आता मी काय करू ह्याचं? सासूला सांगू? लेकरांना सांगू?"

"मला शाल घेववंना तुमच्या हातून."

"म्हंजे तुमच्यासाठी आलता तुमी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "जावा आता. सत्काराला मी येत न्हाई. तुमी बी जाऊ नका."

तो गेला नाही. अमरसिंहांनी राग धरला, आप्पाराव महिनाभर पोराशी नीट बोलले नाहीत. ताप आलाय, असं अंजू विचारणाऱ्यांना सांगत राहिली. तिला त्यानं त्याच रविवारी सगळं सांगितलं होतं. ऐकून ती म्हणाली, "भ्या वाटलं म्हणून बोलला न्हाईत. मुद्दाम तर न्हाई ना?" त्यानं नकारार्थी मान हलवली, पण तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही.

पाच महिन्यांनी योगिताचाच फोन आला. मृतदेह नसल्यामुळं मृत्यूचा दाखला अडकला होता. जहाजावरच्या माणसाचा लेखी जबाब हवा होता.

"दुसरं कोण हाय मला?" ती म्हणाली. "मुंबईला यावं लागंल."

तो गेला. जहाजवाहतूक खात्याच्या कचेरीत योगिता आणि तिचा भाऊ बाकावर बसले आणि सोमनाथनं कागदावर जे घडलं ते लिहिलं, होडी दिसल्यापासून. लिहून घेणारे साहेब वाचता वाचता थांबले. "ही दोन मिनिटं लिहायची काही गरज नाही. दाखल्याला त्याचा उपयोग नाही."

सोमनाथनं योगिताकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," ती साहेबांना म्हणाली. "झालं तसंच लिव्हलंय त्यांनी."

दीड महिन्यानं दाखला आला.

सोमनाथ परत समुद्रावर गेला नाही. कंपनीचा फोन दोनदा आला होता, त्यानं तो उचलला नाही. आता धारूरच्या बाजारात त्याचं मोटारी दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. विहिरीत उतरायचं काम असलं की दुसरा माणूस लावतो, आणि कावून म्हणून कुणी विचारलं तर सरळ सांगतो, मला भ्या वाटतं.

योगिता त्याच्याशी कामापुरतं बोलते. वत्सलाबाई मात्र दर आठवड्याला, कुणाकडून तरी नंबर लावून घेऊन, फोन करते. जहाजवाल्यांचं काही कळलं का, कुठल्या बेटावर माणूस सापडल्याचं ऐकलं का, असं विचारते. तिचं नाव फोनवर दिसलं की सोमनाथच्या हातातला पाना थांबतो. तो हात पुसतो आणि फोन उचलतो.

"न्हाई मावशी," तो म्हणतो. "अजून कायबी न्हाई कळलं. तुमी जेवलात का?"