डावा कान

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. पोरीला सांगितली नाही, धाकट्या भावाला नाही, शुक्रवारी नमाजानंतर ज्यांच्याबरोबर चहा पितो त्या दोस्तांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच. आणि सुरुवात माझ्या कानापासून करावी लागेल.

आम्ही मिरजेचे तानपुरे करणारे. भोपळा, दांडी, तबली, हे सगळं हात शिकतात. पण जवारी कानानंच काढावी लागते. म्हणजे असं, की तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडी कानशीनं जरा जरा घासत आणायची, उजव्या हातानं तार छेडायची, आणि वाकून डावा कान भोपळ्याला लावून ऐकायचं. नाद लांबत गेला, त्यात गुंजन आलं, की थांबायचं. अब्बा म्हणायचे, आपण हाताचं नाही, कानाचं खातो. माझा कान चांगला होता. अजूनही आहे — तेच तर सांगायचं आहे.

माझी बायको हमिदा, म्हसवडकडची. लग्न होऊन आली तेव्हा चहा घेऊन दुकान आणि घराच्या मधल्या दारात उभी राहायची. मी दोन तानपुरे छेडून विचारायचो, सांग, यातला चांगला कुठला? ती म्हणायची, "समदं सारकंच वाजतंय की!" आणि पदरात तोंड घालून हसायची. मी काम बाजूला ठेवून तिचं बोलणं ऐकत बसायचो. माहेरच्या म्हशीनं कुणाला लाथ मारली, नाथाच्या जत्रेत कोण हरवलं — काहीही. तेव्हा मला तिचा कंटाळा येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

मग काय झालं? काही झालं नाही हो. भांडण नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. एकुलती एक सलमा लग्न होऊन साताऱ्याला गेली आणि हमिदाला बोलायला घरात मी एकटा उरलो. आवं, चिमणी आली बगा. आवं, शेजारच्यांच्यात आज मटणाचा वास येतोय. आवं, ह्ये ऊन बगा कसलं पडलंय. दिवसभर. त्यातल्या एकाही वाक्याला उत्तर लागत नव्हतं — नुसतं "हं" पुरलं असतं. तेवढंही मला जड व्हायला लागलं.

त्याच साली मला ताप आला आणि डावा कान बंद झाला. डॉक्टरांनी थेंब दिले. हमिदा रोज माझं डोकं मांडीवर घेऊन थेंब घालायची, वर कापूस लावायची, आणि बोलायचं असलं की उठून उजव्या बाजूला येऊन बसायची. पुढं एका सकाळी काम करता करता कान सुटला. तार अशी स्वच्छ ऐकू आली की डोळ्यांत पाणी आलं. तिला हाक मारणार, एवढ्यात तीच स्वयंपाकघरातून, डावीकडून, म्हणाली, "आवं, भाजी कसली करू?"

आणि मी मान वळवली नाही.

का? खरं सांगू — बरं वाटलं. उत्तर द्यायचं नाही आणि कुणी रागवायचंही नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला, आणि मग सांगायची सोयच राहिली नाही. डावा कान गेला तो गेलाच, असं सगळ्या गल्लीनं धरलं. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं आपण म्हणतो. सोंग घेणाऱ्यालाही उठता येत नाही, हे कुणी म्हणत नाही.

दुपारी जेवण झालं की मी उजव्या कुशीवर आडवा व्हायचो. चांगला म्हणवलेला कान उशीत, डावा वर. हमिदा माझ्या पाठीशी तांदूळ निवडत बसायची. आणि हळूहळू ती त्या कानाशी बोलायला लागली. माझ्याशी नाही — त्या कानाशी. जे तोंडावर कधी बोलली नव्हती ते. सलमाच्या आधीचं आमचं लेकरू गेलं, तेव्हा मी चौथ्या दिवशी कानस हातात घेतली ते तिला कसं लागलं होतं. माझी आई तिला काय काय बोलायची. आणि एकदा म्हणाली, "मानूस लय चांगला हाय ह्यो. पर जवळ असून गावत न्हाई."

तुम्हाला पटणार नाही, पण त्या दुपारी मला हव्याहव्याशा वाटायला लागल्या. सकाळपासून मी त्यांची वाट बघायचो. इतक्या वर्षांच्या संसारात मला ही बाई कळली ती अशी, पाठ करून, डोळे मिटून. माझा तिच्यावर जीव होता. पुन्हा जडला होता म्हणा. मग वळून तिचा हात धरायला काय झालं होतं? वळलो असतो तर एवढ्या दुपारी मी चोरून ऐकत होतो हे कळलं असतं. ती बोलायची बंद झाली असती. मला तिचं बोलणं हवं होतं आणि उत्तराची जबाबदारी नको होती. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, मी प्रेम म्हणत होतो.

आता — आता ते सांगतो.

पावसाळा सुरू झाला होता. ती तांदूळ निवडत होती. सुपातला हात थांबला. म्हणाली, "काखंत गाठ आलीया. दुखत न्हाई. कुनाला सांगू?"

मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. आणि श्वाससुद्धा झोपलेल्या माणसासारखा चालू ठेवला.

मनाशी म्हटलं, ती सांगेल. उजव्या बाजूला येऊन बसेल आणि नीट सांगेल, मग मी लगेच नेईन. संध्याकाळी आडून विचारलं, तब्येत बरी नाही का? म्हणाली, काय न्हाई. मी सुटलो — सुटलो हाच शब्द आहे. त्यानंतरही तिनं त्या कानाला सांगितलं. वाढलीया. आता हात वर हुईना. मी पडून राहिलो. पाऊस गेला, थंडी पडली. आमचं गाव कसलं, तर कर्नाटकातनं माणसं फायली आणि डबे घेऊन रेल्वेनं इलाजाला येतात ते. आमच्या घरातून दवाखान्याच्या पाट्या दिसतात. आणि माझी बायको तांदळाच्या सुपाला आपला आजार सांगत होती.

ईदेला सलमा आली. आईला नवा ब्लाउज घालताना तिनं ते बघितलं आणि किंचाळली. त्याच दिवशी नेलं. डॉक्टर तपासून बाहेर आले, म्हणाले, इतके दिवस काय करत होता? सलमा माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "आम्हाला कुठं माहीत होतं?"

हमिदा आत पलंगावर होती. दार उघडं होतं.

घरी आणल्यावर ती म्हणाली, माझी खाट दुकानात टाका, तुमचं काम बघत पडते. टाकली. एका सकाळी गिऱ्हाइकाचा तानपुरा द्यायचा होता. मी घोडी घासली, तार छेडली, वाकलो, आणि ती बघतेय हे लक्षात येऊन तसाच अर्ध्यात थांबलो.

"लावा की त्यो कान," ती म्हणाली. "डावाच लावता न्हवं? पयल्यापास्नं बगतीया मी. चा घिऊन याची तवा दिसायचं."

रोज चहा घेऊन ती मधल्या दारात येत होती. रोज मी डावा कान भोपळ्याला लावून बसलेला असायचो. जन्मभराची सवय, हात आपोआप करतात. हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "मला वाटायचं, एक दिस तरी वळून बगशिला."

म्हणजे ती कानाशी बोलत नव्हती. ती माझ्याशी बोलत होती. गाठीचंही मलाच सांगत होती, आणि मी झोपल्यासारखं करत होतो हे बघत होती. तरी दुसऱ्या दुपारी पुन्हा येऊन बसत होती.

उन्हाळ्याच्या तोंडाला ती गेली. शेवटपर्यंत तिनं सलमाला काही सांगितलं नाही. माझी अब्रू तिनं राखली. मी तिची काय राखली?

सलमा रोज साताऱ्याहून फोन करते. अजून तेच बोलते, की पावसाळ्यात मी यायला पाहिजे होतं, मी आले असते तर वेळेवर कळलं असतं, चूक माझी आहे. रडते. मी "नाही गं" म्हणतो, त्यापुढं काही म्हणत नाही. माझा आवाज बारीक झाला की तिला वाटतं मला ऐकू येत नाही. मग ती ओरडून सांगते, "अब्बा, उजव्या कानाला लावा."

मी फोन उजव्या कानाला लावतो.