बाहेरची कडी

मोहाडीच्या अलीकडे, तलावाच्या पाळीखाली, शेटचं धानाचं जुनं गोदाम होतं. उंदरांनी त्याची पार चाळणी केली, छत गळायला लागलं, तेव्हा शेटनं धानासाठी नवं गोदाम बांधलं अन् जुन्यात म्हातारे ठेवले. धान भिजलेलं खपत नाही, माणूस खपतो. बाहेर निळी पाटी लागली, 'वृद्धाश्रम'. गावातले लोक मात्र त्याला म्हाताऱ्यांचं गोदामच म्हणत, अन् त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

सखाबाई तिथं आली ते साल त्र्याऐंशी. दिवाळी होऊन गेली होती.

सखाबाई ढिवराघरची. उभा जन्म पाण्यात गेला. कंबरभर पाण्यात उभं राहून शिंगाडे काढायचे, टोपलीत मासोळी भरून मोहाडीच्या बाजारात बसायचं, भाव पाडणाऱ्या बाईला दोन शब्द सुनवायचे अन् मग तिच्याच पिशवीत एक मासोळी वरची टाकायची. नवरा गेला, पोटी लेकरू नव्हतं, शेवटी गुडघेही गेले. पुतण्या केवळराम स्वभावानं चांगला, पण त्याच्या झोपडीत त्याचीच माणसं आडवी-उभी झोपत.

"काकी, तिथं खाट हाये," तो म्हणाला. "दोन टाइम जेवन हाये. डाक्टर येते म्हन्तेत."

"अन् मासोळी?"

"मासोळी नाई. शेटजीचं घर शाकाहारी."

"मंग डाक्टर कायले पायजे? मी तशीच मरन."

बोलली तशी, पण गेली. बंडीत बसून, गाठोडं मांडीवर धरून.

बायकांची खोली म्हणजे गोदामाचा मागचा अर्धा भाग. आठ खाटा, एक दार. खिडकी नाही, कारण धानाला खिडकी लागत नाही. वर छताजवळ दोन झरोके होते, त्यांत पारवे बसत अन् खाली आपला प्रसाद टाकत. खाटांवर तणस भरलेले पोते, तेच गादी. धान झोडपून जे उरतं ते गुरांनी खायचं, इथं त्यावर बाया झोपत. पोत्यातलं तणस कुणी बदलत नव्हतं. ज्या बाया उठू शकत नव्हत्या त्यांचं सगळं त्याच तणसात मुरत होतं.

पहिल्या सकाळी मदतनीस पंचफुला एक कंगवा घेऊन आली. तो एकच कंगवा आठही डोक्यांतून फिरला. सखाबाईच्या डोक्यापर्यंत येईस्तोवर त्यात तीन रंगांचे केस अन् चालणारं बरंच काही अडकलं होतं.

"माह्या केसाले हात नको लावू," सखाबाई म्हणाली.

"काहून? तू का महारानी हायेस?"

"महारानी नाई. पन दुसऱ्याची जनावरं मी पोसत नाई."

तोंड पुसायला एकच गमछा. भातात सोंडे, धानातले काळे किडे. वरण इतकं पातळ की त्यात सखाबाईला आपलं तोंड दिसायचं, अन् ते तोंड काही खूश दिसत नव्हतं. कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा होता, डालड्याचा मोठा असतो तसा. आठ बायांची दिवसभराची लघवी त्यात. सकाळी पंचफुला तो ओतून यायची, अन् ओतून आल्या हातानं भाकऱ्या वाटायची. सखाबाईनं मासोळीच्या वासात जन्म काढला होता, पण मासोळीचा वास हा कष्टाचा वास असतो. या खोलीत जो वास होता तो कुणीच काही न केल्याचा होता.

तरी हे सगळं तिनं सोसलं असतं. सोसता न येणारी गोष्ट दाराला होती. दाराला बाहेरून कडी होती.

त्या कडीमागे एक गोष्ट होती. आदल्या वर्षी बुधराम नावाचा म्हातारा दुपारी उठला, हळूहळू सडकेपर्यंत चालत गेला, येष्टीत बसला अन् साकोलीला लेकीकडे जाऊन भाकर मागितली. लेकीनं गावभर आश्रमाची शोभा केली. शेटला राग आला. तेव्हापासून म्यानेजर केशवरावानं नेम केला, दुपारचं जेवण झालं की दोन्ही खोल्यांना कडी. पंचफुला कडी लावून मागच्या अंगणात धान पाखडत बसायची, ऊन उतरलं की उघडायची. केशवराव घरी जाऊन झोपायचा. रात्री तर कडी असायचीच.

सखाबाईच्या शेजारची खाट मनकर्णाबाईची. आंबागडची, शेतकऱ्याघरची, मोठ्या मनाची बाई. उठता येत नव्हतं अन् छातीत दम. दुपारी दार लागलं, आत हवा कोंडली की तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. एकदा तो वाजता वाजता थांबायलाच आला. सखाबाई अन् बाकीच्या बायांनी लोटे घेऊन दार बडवलं. लोट्यांना पोचे पडले. बाहेरून पंचफुला तेवढी ओरडली, "गप बसा वं बाया, येते वेळेवर." वेळेवर म्हणजे ऊन उतरल्यावर. मनकर्णाबाई त्या दिवशी वाचली ती तिच्या नशिबानं.

सखाबाई काठी टेकत केशवरावाकडे गेली.

"म्यानेजरसायेब, एवढी कडी नका लावू. दुपारचं तरी दार उघडं राहू द्या. मनकर्णा एक दिवस आतच मरून राहीन."

"सुरक्षा हाय ते, बाई. उद्या तू तलावात जाऊन पडली तं?"

"म्या तलावात पडन? तलाव मले वळखते, तुमी नाई वळखत."

केशवराव हसला, पान तोंडात टाकलं अन् दुसऱ्या दिवशी कडीला तेल दिलं. ती सुरसुर लागायला लागली.

असा पौष उजाडला, अन् भंडाऱ्याहून साहेब येणार म्हणून वर्दी आली. आश्रमाला सरकारी मदत मिळायची तर साहेबांनी पाहून जायला पाहिजे होतं.

त्या दिवशी गोदामात लगीनघाई. पेटीतून पांढऱ्या चादरी निघाल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणाऱ्या, घडीच्या रेघा ताठ उभ्या. घाण पोत्यांवरच त्या अंथरल्या. मोहाडीच्या बाजारातून रंगीत फुलं काढलेला लाल माठ आला अन् दाराच्या आत तिवईवर बसला. डबा मनकर्णाबाईच्या खाटेच्या पायथ्याशी ढकलून त्यावर लुगडं टाकलं.

"चादरीवर बसू नका वं," पंचफुला म्हणाली. "सुरकुत्या पडतीन."

"मंग कुठं बसू? सायेबाच्या मांडीवर?" सखाबाई म्हणाली.

मनकर्णाबाईला तर बसवताही येत नव्हतं, तिला चादरीसकट झोपू दिलं. पण चादर पांढरी झाली म्हणून वास का पांढरा होतो? केशवराव दारात आला अन् नाक धरून मागे गेला. मग त्याला एक शक्कल सुचली. थंडीत म्हाताऱ्यांच्या अन् बाळंतिणींच्या खाटेखाली शेगडी ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. त्यानं पंचफुलाला सांगितलं, गोवऱ्यांच्या निखाऱ्याच्या शेगड्या भर, खाटांखाली सरकव, वरून मूठमूठ राळ टाक. ऊबही दिसेल, सुवासही सुटेल.

पंचफुला शेगड्या सरकवत मनकर्णाबाईच्या खाटेशी आली. त्या खाटेची सुंभं ढिली होऊन पोतं झोळीसारखं खाली लोंबत होतं.

"इथं नको ठेवू," सखाबाई म्हणाली. "पोतं टेकून राहिलं. तणस हाये ते."

"म्यानेजरनं सगळ्या खाटीखाली सांगतलं."

"म्यानेजर का खाटीवर झोपते?"

तेवढ्यात बाहेर जीपगाडी वाजली. पंचफुलानं शेगडी ढकलली अन् हात पुसत पळाली.

साहेब आत आले. कडक इस्त्री, नाकाला रुमाल. मागे शेट, गळ्यात सोन्याची साखळी, अन् मागे केशवराव. पंचफुलानं तिघांना आत घातलं, अन् मग चहा ठेवायला निघताना जी गोष्ट ती रोज करायची तीच केली. हातानं दार ओढलं अन् हातानंच कडी सरकवली. मनाला त्याचा पत्ताही नव्हता. कडीला तेल दिलेलं, आवाजही झाला नाही.

साहेब सखाबाईजवळ थांबले. "काय आजीबाई, जेवण बरं मिळतं?"

"एकदम चांगलं," केशवराव म्हणाला.

"दवापाणी?"

"नियमित," केशवराव म्हणाला.

"सायेब," सखाबाई म्हणाली, "यायलेच इचारायचं असन तं मले कायले उभी ठेवली? माहे गुडघे दुखून राहिले."

साहेबांनी केशवरावाकडे पाहिलं. केशवरावानं छताकडे पाहिलं, तिथून पारव्यानं उत्तर दिलं ते शेटच्या टोपीवर पडलं.

अन् तेव्हाच मनकर्णाबाईचा आवाज आला, शांत, जरा लाजल्यासारखा. "सखे, माही पाठ गरम लागून राहिली वो."

तिच्या खाटेखालून धूर येत होता. राळेचा पांढरा नव्हे, तणसाचा पिवळा, जड. पोत्याच्या पोटाला लाल कडा धरली होती.

सखाबाई काठी टाकून खाटेवर वाकली अन् मनकर्णाबाईचे खांदे धरून ओढायला लागली. पलीकडच्या खाटेवरची देवकाबाई पाय धरायला आली. दोन म्हाताऱ्या तिसरीला उचलत होत्या. शेट, साहेब अन् केशवराव, तिघं धडधाकट पुरुष, दाराकडे पळाले.

दार उघडेना.

"पंचफुले! दार उघड!" केशवराव ओरडला. शेटनं लाथा मारल्या. साहेबांनी दोन्ही मुठींनी दार बडवलं.

दार बडवतात त्या बायाच, साहेब एव्हाना पुरुषांच्या खोलीत गेले असतील, असं पंचफुलानं धरलंच होतं. बाहेरून तिचा आवाज आला, रोजचाच, कंटाळलेला. "गप बसा वं बाया, सायेब आले हायेत आज."

"अगं मीच साहेब आहे," साहेब ओरडले.

"हाव, हाव. अन् मी रानी," पंचफुला म्हणाली, अन् तिच्या चपला स्वयंपाकघराकडे गेल्या.

धूर खाली उतरायला लागला. साहेब खोकत माठाकडे धावले, झाकण काढलं, माठ उलटा केला. माठातून कोळिष्टक पडलं. माठ दाखवायला आणला होता, पाणी भरायला कुणी सांगितलं नव्हतं.

तोवर मनकर्णाबाई जमिनीवर आली होती. सखाबाईनं डब्यावरचं लुगडं फेकलं. सकाळच्या गडबडीत पंचफुला तो ओतायला विसरली होती, काठोकाठ होता. त्या खोलीत ओलं म्हणून तेवढंच होतं. सखाबाईनं तो उभ्या जन्माच्या सवयीनं उचलला, पाण्यानं जड झालेली टोपली उचलावी तसा, अन् सबंध डबा पेटत्या पोत्यावर ओतला.

आग चरचरली अन् विझली. अन् त्यानंतर जो वाफारा उठला त्याचं वर्णन न केलेलंच बरं. ज्याला करायचं त्यानं करावं, पण जेवणाआधी नको. साहेबांच्या पांढऱ्या विजारीवर, शेटच्या धोतरावर, केशवरावाच्या पावडर लावलेल्या तोंडावर त्या डब्याचे शिंतोडे बसले. शेटला भिंतीशी उलटी झाली. त्यांना एक घडीची घाण अंगावर आली होती. बाया त्यात रोज जेवत होत्या.

सखाबाई जमिनीवर बसली, मनकर्णाबाईचं डोकं मांडीवर घेतलं. मनकर्णाबाईची छाती शिट्टी मारत होती. सखाबाईला आता फक्त ती शिट्टी ऐकू येत होती, अन् ती थांबू नये एवढंच तिला पाहिजे होतं.

"बसा सायेब," ती न वळता म्हणाली. "दार बडवून काई होत नाई. आमी लई बडवलं. ते ऊन उतरल्यावर उघडते."

ऊन उतरायची वाट पाहावी लागली नाही. पंचफुला चहा घेऊन आली, कडी काढली, अन् समोर साहेब पाहून तिच्या हातातलं तबक कपबशांसकट खाली गेलं. साहेब तिला ढकलून ओसरीत गेले अन् गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत राहिले. मागून देवकाबाई अन् सखाबाईनं मनकर्णाबाईला चादरीवरून फरफटत उन्हात आणलं. उन्हात तिची शिट्टी हळूहळू खाली आली.

साहेबांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो कडीबद्दल. "ती काढा. आत्ता. माझ्यासमोर."

सुतार नव्हता. केशवरावानं स्वतः सब्बल घेतली अन् लाकडासकट कडी उपटली. साहेब पोहे न खाता गेले. त्यांनी कागदावर काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही. पण संध्याकाळी पांढऱ्या चादरी धुऊन पुन्हा पेटीत गेल्या, जळालेली एक सोडून. दुसऱ्या दिवशी भातात सोंडे होतेच, कंगवा तोच होता. सरकारी मदत मिळाली की नाही, हेही बायांना कुणी सांगितलं नाही. साहेबांना घाण वाटली ती त्यांच्या विजारीची. विजार धोब्याकडे गेली असेल, अन् घाण वाटणंही तिच्यासोबतच गेलं.

फक्त कडी परत लागली नाही. केशवरावानं विषय काढला होता, पण शेटनं तो तिथंच तोडला.

"तुले काढून टाकीन मी आश्रमातून," केशवराव एवढंच सखाबाईला म्हणाला.

"तुमी कायले तरास घेता, सायेब? आता दार उघडंच हाये. मले वाटलं तं मी जाईन."

पण ती गेली नाही. मनकर्णाबाईच्या पाठीवर फोड आले होते, त्यांना खोबऱ्याचं तेल लावायला कुणीतरी लागत होतं. केवळराम भेटायला आला तेव्हा सखाबाईनं त्याच्याकडून एकच काम करून घेतलं, मनकर्णाबाईच्या खाटेची सुंभं ताणून बांधून घेतली. जाळ्याची गाठ मारणारा हात तो, खाट ढोलकीसारखी कडक झाली.

रोज दुपारी जेवणं झाली की पंचफुला दारात यायची. दार ओढायची, अन् तिचा हात आपोआप चौकटीवर जायचा, जिथं आधी कडी होती तिथं. बोटं भोकांवरून फिरायची. मग ती उभी राहायची, हाताला आता काय काम द्यावं ते न कळल्यासारखी.

"लाव नं," सखाबाई आतून म्हणायची. "नाई तं हात रिकामाच हाये, इकडं ये. मनकर्णाची खाट धर. उन्हात नेऊ तिले."

पहिले काही दिवस पंचफुला नुसतीच निघून गेली. मग एक दिवस आली, नाक मुरडून खाटेचा एक पाय धरला.

"हात धुतला का वं तू?" सखाबाईनं विचारलं.

पंचफुलानं खाट खाली ठेवली अन् हात धुवायला गेली.