बैठकीतला समुद्र

भुसावळात समुद्र पाळायचा म्हणजे डोकं ठिकाणावर नसल्याचं लक्षण, असं माझी बायको म्हणायची, आणि त्यावर मी तिच्याशी कधी वाद घातला नाही. पण तो मी हौसेने आणला नव्हता. वडील गेले, आणि साक्रीकडच्या खेड्यातून मायला मी इकडे रेल्वे क्वार्टरमध्ये आणलं, तेव्हा ती बोलेनाशीच झाली. हो, नाही, बस्स. दिवसभर भिंतीकडे बघत बसायची. त्याच सुमारास आमच्या लोको शेडमधल्या एका सोबत्याची बदली झाली आणि त्याने आपली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी माझ्या गळ्यात मारली. दोन नारिंगी मासे, थोड्या गोगलगायी आणि दगडाला चिकटलेली जिवंत प्रवाळं. ती हिरवी-जांभळी बोटं पाण्यात सारखी डोलत असायची.

तिसऱ्या दिवशी माय टाकीपुढे खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "हाऊ समुद्र शे का रे भाऊ?"

"हो माय, समुद्रच."

उभ्या जन्मात तिने समुद्र पाहिला नव्हता. त्या दिवसापासून ती बोलायला लागली. आधी प्रवाळांशी, मग आमच्याशी. होळीनंतर पहिलं प्रवाळ मिटलं ते उघडेचना. ही प्रवाळं मेली तर माय पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

फॉल्ट शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. इंजिन बंद पडलं की एकेक सर्किट वेगळं करून तपासायचं, कुठे ना कुठे सापडतंच. तसंच सुरू केलं. पहिला संशय उन्हावर, कारण आमच्या उन्हाबद्दल काय बोलायचं! पाणी गार ठेवणारं मशीन बसवलं. तापमान बरोबर आलं, प्रवाळं मिटलेलीच. खारटपणा मोजला, तो ठीक. दिवा वर टांगला. फिल्टर बदलला. घरातली उदबत्ती बंद, फिनाईल बंद, डासांची कॉइल बंद.

"अहो, जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त कोणी ठेवत नाही," बायको म्हणाली. "आणि आम्हाला डासांनी फोडून काढलं तरी चालेल, नाही का?"

मी तिच्यावर खेकसलो. त्या दिवसांत मी सगळ्यांवरच खेकसत होतो.

मग गोगलगायी मेल्या. प्रवाळांची कातडी सुटायला लागली, खालचा पांढरा सांगाडा दिसू लागला. मासे मात्र ठणठणीत, खायला वर येत होते. हेच मला उमगेना. पाणी खराब असेल तर मासे कसे जगतात? दर आठवड्याला एक प्रवाळ पांढरं पडत होतं आणि मी हातावर हात धरून बघत होतो. इतकं हतबल मला वडिलांच्या खाटेपाशीही वाटलं नव्हतं. हे बोलू नये, पण खरं आहे.

ड्युटीवरून येऊन मी टाकीत डोकावलो की माय विचारायची, "आज कशा शेत?" मी मान हलवायचो. ती म्हणायची, "तू नको घाबरू भाऊ, मी शे ना." मला वाटायचं, धीर देतेय बिचारी.

शेवटी मुंबईच्या एका दुकानदाराला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाण्यात तांबं गेलंय का?" मी भडकलोच. म्हटलं, "अहो, मी इलेक्ट्रिशियन आहे. तांब्याची तार पाण्याला लागू देईन का मी?" तरी त्याने तपासणीचे थेंब पाठवले. टाकीतल्या पाण्यात टाकले तर तांबं असल्याचा गडद रंग चढला.

सुट्टीच्या दिवशी टाकी उपसली. एकेक दगड बाहेर काढला. मागच्या कोपऱ्यात, वाळूत रुतलेले, हिरवट पडलेले तांब्याचे जुने पैसे. भोकाचे, ढब्बू. मूठभर.

आमच्याकडे गाडी तापीच्या पुलावर आली की जुनी माणसं खिडकीतून पैसा टाकून हात जोडतात. मायला हल्लीची नाणी त्यासाठी चालत नाहीत, तांब्याचंच हवं. सासूने दिलेला जुन्या पैशांचा बटवा तिने आयुष्यभर जपला होता. पहिला पैसा तिने समुद्र घरी आला म्हणून सोडला. पुढचे सगळे आजाऱ्यांसाठी. एक प्रवाळ मिटलं की त्याच्या नावाने एक पैसा, बरं होऊ दे म्हणून. खाऱ्या पाण्यात तांबं हळूहळू उतरतं. मासे ते एक वेळ सोसतात, प्रवाळं आणि गोगलगायी नाही सोसत. जितकी प्रवाळं आजारी पडली तितके मायने पैसे टाकले, आणि जितके टाकले तितकी प्रवाळं मेली.

हे आता मी शांतपणे लिहितोय. तेव्हा मी ते पैसे तिच्या पुढ्यात आपटले आणि ओरडलो, "तूच मारलंस त्यांना! तुझ्या हाताने मारलंस!"

तिला आधी कळलंच नाही. बायकोने समजावून सांगितलं. मग ती हळूच म्हणाली, "बठ्ठा?"

"हो, सगळी! एक नाही वाचलं!"

माझी जीभ झडायला हवी होती.

दगडात तांबं मुरलं होतं, सगळं फेकावं लागलं. मी नवी टाकी आणली, नवी प्रवाळं आणली. ती छान फुलली आहेत. मायची खुर्ची पुढे मांडून ठेवली, हात धरून बोलावलं, माफी मागितली, एकदा नाही, पन्नासदा. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसते. टाकीच्या खोलीतून जायची वेळ आली तर भिंतीला चिकटून जाते. विचारलं तर हो, नाही, बस्स.

मागच्या आठवड्यात मला सणसणून ताप भरला. माय दाराशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "माय, ये ना. कपाळावर हात ठेव जरा."

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नको रे भाऊ," ती म्हणाली, "मन्हा हात चांगला नही." आणि बायकोला हाक मारायला आत गेली.