माणशी किती पेट्रोल?

ग्रुपवरच्या सगळ्यांना लखनौहून नमस्कार. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून महानगरच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय.

आज चिनहटच्या ऑफिसात डबा खाताना गाड्यांचा विषय निघाला. माझी छोटी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर जाते, सहकारी श्रीवास्तवजींची जुनी मोठी गाडी जेमतेम दहा. मी म्हटलं, "तीस किलोमीटर में मेरा दो लीटर लगता है, आपका तीन. मेरी सस्ती पड़ी."

ते हसले. "मॅडम, हमारी में पाँच लोग चलते हैं. अम्मा, बीवी, दोनों बच्चे और मैं. एक के हिस्से आधा लीटर से ज़रा ऊपर. और आपकी में?"

"मी एकटीच," माझ्या तोंडून मराठीतच निघालं.

मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून शेजारच्या सीटवर फक्त माझी पर्स असते. ते बहुतेक त्यांना कळलं. हळूच म्हणाले, "इतवार को हमारे साथ चलिए. बख्शी का तालाब जा रहे हैं, अमरूद लेने."

मी काम आहे म्हणून टाळलं. काम काहीच नाही.

उद्या जाऊन 'रविवारी पेरू घ्यायला येते' म्हटलं, तर बरं दिसेल का हो?