डावीकडे मान वळवलेला हंस

ओलेटा स्टटलरबाईंना माणसांनी कैकदा फसवलं असेल, पण काचेने कधीच नाही. जुनी काच जमवणाऱ्यांच्या क्लबात नवीन आलेला कोणीतरी दर महिन्याला एखादी बशी आणून जांभळ्या उजेडाखाली धरायचा आणि हुरळून म्हणायचा, "बघा, चमकतेय!" बाई चष्म्यावरून एक नजर टाकत. "मँगनीज आहे. म्हणून अशी मरगळल्यासारखी हिरवी दिसतेय. युरेनियमची काच भडकून पेटते. हिच्यात बिटाचं लोणचं घाल तू." बिचाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. बाईंना त्याचं काही नसे. खरं ते सांगितलं, संपलं.

कोल्टर्स बेंड गावचा काचकारखाना कधीच बंद पडला. नदीकाठी आता नुसती चिमणी उभी आहे. बाईंचे यजमान ओर्व्हल तिथे सव्वीस वर्षं काच घडवत होते. कामाची पाळी संपली की भट्टीत उरलेल्या काचेतून कारागीर आपल्या मनाचं काहीतरी करत आणि जेवणाच्या डब्यात घालून घरी नेत. ओर्व्हलनी लग्नाच्या वर्षी एक हंस केला होता, पिवळट हिरवा, वीतभर. ते डावखुरे, त्यामुळे हंसाची मान डावीकडे वळली. बाकी सगळ्यांचे हंस उजवीकडे बघत.

आणि हा हंस बाईंनी स्वतःच्या हाताने नणंदेला, आर्डिथला, देऊन टाकला होता! "धूळ पुसून पुसून कंटाळा आला, तूच ने," असं म्हणून. तेव्हा घरात काच ही रोजचीच गोष्ट होती. ओर्व्हल गेले, आणि मग बाईंना काचेचं वेड लागलं. हातात जांभळी बॅटरी घेऊन गावोगावच्या जुन्या सामानाच्या विक्र्या धुंडाळू लागल्या. ओर्व्हलच्या हातची एखादी तरी वस्तू मिळेल, एवढाच ध्यास. हंस मात्र दोन गल्ल्या पलीकडे, आर्डिथच्या घरात. एकदा मागून पाहिला. आर्डिथ म्हणाली, "दिलेली वस्तू परत मागतात का गं? लाज वाटू दे." त्यानंतर अकरा वर्षं दोघी चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

फेब्रुवारीत आर्डिथ गेली. टेक्सासमधल्या भाचीने घरातलं सगळं सामान जागेवरच विकून देणाऱ्या विक्रीवाल्यांच्या हवाली केलं. बाईंनी फोन केला, तर भाची म्हणाली, "मामी, करारावर सही झालीय. आता एक चमचासुद्धा बाजूला काढता येत नाही. तुम्ही सकाळी लवकर जा ना."

विक्रीच्या दिवशी बाई भल्या पहाटेपासून घडीची खुर्ची टाकून आर्डिथच्या दारात बसल्या. चौथा नंबर लागला. पण या घाईत एक चूक झाली. कंपवाताची गोळी घरीच राहिली.

या विक्र्यांचा एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. वस्तू हातात आहे तोवर तुमची. खाली ठेवली की कोणाचीही. बाईंइतका तो कोणी पाळला नसेल. एकदा एका बाईने लेकराचं नाक पुसायला लोण्याचं भांडं क्षणभर खाली ठेवलं, तेवढ्यात ओलेटाबाईंनी ते उचललं. ती रडकुंडीला आली. बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी नाक वाहू दे." तेव्हा सोबत केर्मिट होता. नळदुरुस्तीचं काम करणारा, चाळिशीचा, काचेचं नवं वेड लागलेला. तीन वर्षं बाईंच्या मागे मागे हिंडत होता. तो हसत हसत म्हणाला, "ओलेटाबाई, तुमच्याकडून हेच शिकायचं."

दार उघडलं. दिवाणखान्यात हंस नव्हता. स्वयंपाकघरात नव्हता. सापडला तो कपडे धुण्याच्या खोलीत, साबणाच्या खोक्यांमागे. आर्डिथने कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून ठेवला असणार. बाईंनी कोटाच्या आडोशाला बॅटरी लावली. हंस पेटला. मान डावीकडे. बाईंनी तो उचलला आणि छातीशी धरला. अकरा वर्षांनी!

तेवढ्यात हात थरथरू लागले. आधी उजवा, मग दोन्ही. हंसाची बोटाएवढी मान कोटाच्या बटणावर आपटू लागली. बाईंनी कोपर भिंतीला टेकवलं, श्वास रोखला, हातांना शिव्या घातल्या. हात ऐकेनात. आणखी दोन मिनिटं धरला असता तर मान तुटली असती. त्यांनी हंस अलगद धुण्याच्या यंत्रावर ठेवला आणि दोन्ही हातांनी यंत्राची कड घट्ट पकडून डोळे मिटले. क्षणभरच.

"अहो ओलेटाबाई! अहो, हे बघा काय!"

डोळे उघडले तर हंस केर्मिटच्या हातात. त्याच्या बॅटरीखाली लखलखत होता. तीन वर्षांत त्याला एकही खरी वस्तू मिळाली नव्हती. त्याचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. मग त्याचं बाईंकडे लक्ष गेलं आणि तो चपापला. "खालीच होता ना हा?"

बाईंच्या जिभेवर सगळं आलं. पण त्याआधी डोळ्यांसमोर आली ती लोण्याच्या भांड्याची बाई.

"होता," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी दुपारी चर्चच्या तळघरात क्लब भरला. जेवणं चालू असतानाच केर्मिटने हंस बाईंपुढे ठेवला. "सांगा, कोणाचा? मला काही ओळखता येईना." कोणीतरी पडदे ओढले, दिवे घालवले. टेबलावर दहा-बारा जांभळे दिवे लागले. बाईंनी हंस दोन्ही हातांत घेतला. आठवडाभर याच क्षणाला त्या घाबरत होत्या. माहीत नाही म्हणून सांगणं सोपं होतं. पण खोटी ओळख आयुष्यात दिली नव्हती.

"इथल्याच कारखान्यातला. पाळी संपल्यावर केलेला. साल एकोणीसशे अडुसष्ट. मान डावीकडे आहे, कारण करणारा डावखुरा होता." थोडं थांबून म्हणाल्या, "ओर्व्हल स्टटलर."

केर्मिटने विचारलं, "मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"तू विचारलंस, खाली होता का. होता."

"हा तुमचा आहे." त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मी हात लावत नाही बघा. घरी न्या."

"न्या हो ओलेटाबाई," अंधारातून दोघी-तिघी म्हणाल्या.

हंस बाईंच्या हातात होता. म्हणजे नियमाने त्यांचाच. आज गोळी वेळेवर घेतली होती, तरी हात सुरू झाले. चोच लग्नाच्या अंगठीवर टिकटिक वाजू लागली आणि ती सगळ्यांना ऐकू येत होती. या महिन्यात घरात चार बश्या फुटल्या होत्या. कॉफी आता झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेल्यातून प्यायच्या. ओर्व्हलची एवढी एकच वस्तू उरली होती, आणि तिला जगात सगळ्यात मोठा धोका याच दोन हातांचा होता.

"दिवे लावा," त्या म्हणाल्या.

दिवे लागले. बाईंनी हंस टेबलावर ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसल्या.

"खाली ठेवलाय, केर्मिट."

तो जागचा हलेना. बाई चिडल्या, डोळे भरलेले होते तरी चिडल्या. "तीन वर्षं काय शिकवलं तुला? उचल लवकर. दुसरं कोणी उचलेल."