डिसेंबरचा तिसरा शनिवार

नेब्रास्कातल्या त्या कॉलेजच्या गावात हीटर बिघडला की ड्वेन क्राटोकव्हिलला बोलवायचं आणि दुरुस्तीबरोबर कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलवरचं प्रवचन फुकटात ऐकायचं, ही रीतच होती. हात धुतले की स्वारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. मीठदाणी म्हणजे दक्षिणेतली टीम, मिरपूड म्हणजे आपल्या कॉलेजची.

"सगळ्या मॅच जिंकून आपण दुसरे! का, तर बातमीदारांनी मतं टाकून पहिला नंबर दुसऱ्यांना दिला म्हणून! अरे, खेळवा की दोघांना!"

ती जुनी सल त्याला स्वस्थ बसू देईना. बाद फेरीचा आराखडा त्यानं कितीदा केला आणि मोडला. चारच टीम घेतल्या तर पाचवी रडते. सोळा घेतल्या तर पोरांची हाडं खिळखिळी होतात. शेवटी गाडी बारावर थांबली. वरच्या चौघांना आधी विश्रांती, बाकीच्यांचे सामने वरचढ टीमच्या घरच्या मैदानावर, डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी. "येऊ देत ती उन्हातली पोरं आमच्या बर्फात!"

पुढे मोठ्या लोकांनी जवळपास तेच ठरवलं. ड्वेनला कोण विचारतो! तरी घरचं कार्य असल्यासारखा तो गावभर मिरवला. आणि यंदा आपली टीम आत आली, सामनाही घरच्या मैदानावर.

त्याच शनिवारी, त्याच वेळी, त्याच्या एकुलत्या लेकीचं, टेसाचं लग्न होतं. फुटबॉलच्या मोसमात शनिवारी इथं कुणी लग्न काढत नाही. पाद्रीसुद्धा यायचा नाही. म्हणून तर तिनं मोसम संपल्यावरची तारीख धरली होती.

ड्वेनचं चित्त थाऱ्यावर राहीना. चिलीचा, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचा वाडगा हातात घेऊन तो गॅरेजात येरझाऱ्या घालायचा.

"तुझ्या आराखड्यात हरलेल्याचं काय होतं रे?" बायकोनं, आर्लिसनं विचारलं.

"काय होणार? घरी जातो."

"मग शनिवारी चर्चला आला नाहीस तर तू कुठं जाशील, तेवढं ठरवून ठेव."

तो टेसावर घसरला. "लहानपणापासून ऐकतेयस, तारीख माहीत नव्हती तुला?"

"पाठ होती, डॅड! पण आपली टीम आत येईल असं थोडंच वाटलं होतं!"

तो हसला, पण ते त्याला लागलं. मॅचचं तिकीट त्यानं शेजाऱ्याला देऊन टाकलं. मग परत मागायला गेला आणि दारातूनच माघारी फिरला.

शनिवारी चर्चमधले निम्मे बाक रिकामे होते. मैदान दोनच गल्ल्या पलीकडे. टेसाचा हात धरून ड्वेन बाकांमधल्या वाटेनं वेदीकडे निघाला, तेवढ्यात काचा थरथरवणारा जल्लोष आला. त्याचं पाऊल अडखळलं.

"डॅड, भरभर चाल," टेसा कुजबुजली. "माझा हात एकदा त्याच्या हातात दिलास की सुटलास. मॅचचा शेवट तरी गाठशील."

समोर जावई उभा होता.

"राहू दे गं शेवट," तो म्हणाला, आणि आणखी हळू चालू लागला.