आठ नंबरची रिंग

ऐंशीच्या दशकातला पावसाळा. आमचा लष्कराचा पूर-मदतीचा कॉलम, म्हणजे तुकडी, धुळ्याहून एरंडोल तालुक्यात गिरणेकाठी पोहोचला. मी लान्स नाईक, वायरलेस ऑपरेटर, घर धुळ्यातल्याच देवपूरचं. काठावरच्या तंबूत कंट्रोल सेट माझ्याकडे आणि दोन बोटींत एकेक सेट. पहिल्या बोटीवर नाईक रघुनाथ सोनवणे, चाळीसगावकडचे. मी त्यांना नाना म्हणायचो.

सकाळच्या तपासणीत माझ्या आणि नानांच्या सेटच्या बॅटरी-वायरींचे लग गंजून तुटलेले निघाले. लग म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचा तुकडा. तो दोन मापं बघून घ्यायचा. मागची नळी वायरच्या जाडीची आणि पुढचं भोक बोल्टच्या जाडीचं. आमचा बोल्ट आठ मिलिमीटरचा. जळगावला गेलेला ट्रक चार रिंग लग घेऊन आला, दोन आठचे, दोन सहाचे. दुकानात आठचे तेवढेच होते.

सहाची रिंग आठच्या बोल्टवर जात नाही. नानांनी पक्कड घेऊन त्या दोन रिंगा कापल्या आणि फाकवल्या. रिंगचा चिमटा झाला.

मी म्हणालो, "चिमटे मला द्या, नाना. तंबू हलत नाही. बोटीत इंजिनाची थरथर. नट सैल झाला की चिमटा निसटतो, रिंग निसटत नाही."

"धुळ्यानं पोरगं माले शिकाडस," नाना हसले. मग म्हणाले, "तुन्हा सेट बंद पडना ते बठ्ठा बहिरा. मन्हा पडना ते एकच बोट."

सगळेच बहिरे होण्यापेक्षा एक बोट बहिरी, असा हिशेब करून आठच्या दोन्ही रिंगा त्यांनी स्वतः माझ्या बॅटरीवर आवळल्या.

दुपारी पावणेदोनला मेसेज आला. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. अडीचच्या आत बोटी काठावर हव्या होत्या.

"टायगर वन, टायगर टू, ताबडतोब परत या, ओव्हर."

"टायगर टू, रॉजर. अकरा गावकरी घेऊन निघालो, ओव्हर."

"टायगर वन, ऐकू येतंय का? ओव्हर."

खरखर.

तंबूत गावकरी शिरले होते. एका म्हातारीचा पाय वायरीत अडकला, बॅटरी फूटभर ओढली गेली. सेट चालू राहिला.

"भाऊ, मन्हा नातू बोटमा शे ना?"

"बोट येतेय, अक्का. जरा मागे सरका."

टायगर टू दोन वीसला काठाला लागली. म्हातारीचा नातू तिच्यात होता. बोटीच्या हवालदारांनी नानांना आणायला जाण्याची परवानगी मागितली. कॉलमच्या मेजरसाहेबांनी घड्याळ पाहिलं, नदी पाहिली.

"नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू बोलत राहा."

मी बोलत राहिलो. अडीचनंतर पाणी आलं.

नानांच्या बोटीवरचा सॅपर जवान संध्याकाळी बाभळीला धरून राहिलेला सापडला. त्याने सांगितलं, नानांनी वाटेत दोनदा नट आवळला होता. पुढे वळणावर धार इतकी ओढत होती की त्यांचे दोन्ही हात बोट सावरण्यातच गुंतले, आणि चिमटा तेवढ्यात निसटला. निरोप त्यांना मिळालाच नाही. नाना तिसऱ्या दिवशी मिळाले.

सामान बांधताना मी माझी बॅटरी पाहिली. नट तीन आटे सैल झाला होता. रिंग बोल्टवरच होती.

पुढे निवृत्त होऊन देवपूरला घर बांधलं. पाण्याच्या मोटारीच्या जोडणीला आलेल्या वायरमनकडे लहान भोकाची रिंग निघाली. त्याने पक्कड काढली.

"कापू नको. बरोबर मापाची आण."

"काका, चालतं हो. सगळेच कापतात. चालत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी सांगितलं, "नाईक रघुनाथ सोनवणे, चाळीसगाव."